चार अक्षरांतले शेत



ज्याला काही कळत नाही त्याच्यापुढे शहाणपण सांगणे व्यर्थ आहे, हे सांगायचे असेल तर आपण घरी काय म्हणतो? ‘भैंस के आगे बीन बजाना.’ मराठीत म्हैस जाते आणि तिच्या जागी गाढव येते. ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.’ चिनी माणसाला हेच सांगायचे असते तेव्हा तो गाय आणतो. तो म्हणतो, ‘द्वे न्यू थान छिन’. म्हणजे गाईसमोर छिन वाजवणे. छिन हे सात तारांचे जुने चिनी वाद्य आहे.

तिन्ही भाषांत जनावर मूर्ख ठरते आणि वाजवणारा शहाणा. पण चिनी वाक्प्रचारामागची मूळ गोष्ट ऐकली तर उलटाच प्रकार दिसतो. गोंगमिंग यी नावाच्या वादकाने गाईसमोर फार उच्च दर्जाचे सूर वाजवले. गाय खाली मान घालून चरत राहिली. वादकाने विचार केला. गाईला ऐकू येत नाही असे नाही. हे सूर तिच्या कामाचे नाहीत. मग त्याने तारांवर डासांची गुणगुण काढली. एकट्या पडलेल्या वासराचे हंबरणे काढले. लगेच गाईने शेपटी हलवली, कान टवकारले आणि ती ऐकू लागली.

ही गोष्ट मोउ-त्झ नावाच्या लेखकाच्या ग्रंथात आहे. तो चीनमधील लोकांना बौद्ध धर्म समजावून सांगत होता. बौद्ध सूत्रे सोडून तू आमच्याच ग्रंथांतले दाखले का देतोस, असे त्याला विचारले गेले. तेव्हा त्याने ही गाईची गोष्ट सांगितली. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे त्यातूनच त्याच्याशी बोलावे लागते, असे त्याचे म्हणणे होते. ही गोष्ट वाचल्यापासून माझी एक सवय सुटली आहे. वर्गात एखादा मुद्दा मुलांना कळला नाही, की मी मनात ‘भैंस’ म्हणत नाही. आधी स्वतःची बीन तपासतो.

चिनी भाषेत अशा ठरलेल्या शब्दसमूहांना ‘छंगयू’ म्हणतात. त्यांतले बहुतेक चार अक्षरांचे असतात. चिनी लिपीतल्या बहुतेक अक्षरांना स्वतःचा अर्थ असतो आणि प्रत्येकाचा एकेक उच्चार असतो. त्यामुळे चार अक्षरांत एक पूर्ण गोष्ट मावते. मात्र गोष्ट ठाऊक नसेल तर नुसत्या चार अक्षरांवरून पुष्कळदा अर्थ लागत नाही. मोठ्या कोशांत असे हजारो छंगयू आहेत. राजे, सेनापती आणि पंडित यांच्यावरचे तर आहेतच. पण चीन हा हजारो वर्षे शेतकऱ्यांचा देश होता. म्हणून बियाणे, रोप, तण, बैल, पाऊस आणि रिकामे कोठार यांनीही ही भाषा भरलेली आहे. त्यांतले थोडे आज आपण पाहू.

सर्वांत प्रसिद्ध छंगयू आहे ‘बा म्याओ जू जांग’. त्यातील चार शब्द असे : उपट, रोप, मदत, वाढ. ही गोष्ट मेन्शियस या विचारवंताने सांगितली. तो इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात होऊन गेला. सोंग नावाच्या राज्यात एक शेतकरी होता. (मराठीतल्या ‘सोंगा’शी या नावाचा काही संबंध नाही.) आपल्या शेतातली रोपे वाढत नाहीत, या काळजीने तो झुरत होता. एक दिवस तो शेतात गेला आणि त्याने प्रत्येक रोप थोडे थोडे वर ओढले. संध्याकाळी दमून घरी आला आणि म्हणाला, की आज फार थकलो, रोपांना वाढायला मदत करून आलो. त्याचा मुलगा धावत शेतावर गेला. पाहतो तो सगळी रोपे सुकून गेलेली.

कोकणातील मुले इथे मला अडवतील. ती म्हणतील, “सर, आमच्याकडे तर भाताची रोपे उपटतातच!” बरोबर आहे. कोणी त्यांना तरवा म्हणते, कोणी आवण म्हणते. पण लावणीच्या वेळी आपण रोप मुळासकट काढतो आणि लगेच चिखलात पुन्हा लावतो. मूळ पुन्हा धरते. त्या शेतकऱ्याने रोप काढलेही नाही आणि लावलेही नाही. त्याने फक्त ते ताणले. वरून उंची वाढल्यासारखी दिसली, खाली मुळे तुटली.

मेन्शियसने या गोष्टीला एक वाक्य जोडले होते. ते बहुतेक लोक विसरतात. त्याच्या मते लोक दोन प्रकारे चुकतात. काहींना वाटते, आपल्या करण्याने काय होणार? ते खुरपणीच करत नाहीत. तण माजते. दुसरे अति घाईने रोपच ओढतात. म्हणजे काही न करणे हा त्याचा सल्ला नव्हता. खुरपायचे आहेच, ओढायचे मात्र नाही. आज चिनी लोक हा वाक्प्रचार बहुधा आईवडिलांना ऐकवतात. मूल अजून नीट बोलत नाही तोच त्याला तीन-तीन शिकवण्या लावणारे पालक तिथेही आहेत आणि आपल्याकडेही आहेत. पहिलीच्या मुलाला चौथीची पुस्तके आणून देणारे वडील मी पाहिले आहेत. ते मुलाचे शत्रू नव्हते. त्या सोंगच्या शेतकऱ्यासारखे तेही दमून घरी येत असत.

सोंग राज्यातला आणखी एक शेतकरी चीनमध्ये तितकाच बदनाम आहे. त्याच्या शेतात झाडाचा एक बुंधा होता. एक ससा धावत आला, बुंध्यावर आदळला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्याने नांगरणी सोडली आणि दुसरा ससा येईल म्हणून तो बुंध्यापाशी बसून राहिला. ससा काही आला नाही. राज्यभर त्याचे हसे झाले. यावरून ‘शौ जू दाय थू’ हा छंगयू आला : बुंध्याची राखण करत सशाची वाट पाहणे. आपण म्हणतो, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. ही गोष्ट हान फेई या लेखकाची आहे. तो इसवी सनापूर्वी २३३ मध्ये मरण पावला. त्याचा रोख आळशी शेतकऱ्यावर नव्हता. तो राज्यकर्त्यांना बोलत होता. एकदा जुन्या काळी एक उपाय लागू पडला, म्हणून आजही तोच धरून बसू नका, असे त्याला सांगायचे होते.

दोन्ही मूर्ख सोंगचेच कसे, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. सोंगमध्ये शांग या जुन्या राजघराण्याचे वंशज राहत. त्या घराण्याचा झाऊ घराण्याने पराभव केला होता. हरलेल्या लोकांची थट्टा करणे सोपे असते. त्यामुळे त्या काळच्या लेखकांना मूर्ख माणूस हवा असला की ते तो सोंगमधून आणत. आपल्याकडेही प्रत्येक तालुक्यात एखादे गाव असे असते, की सगळे विनोद त्याच्याच नावावर खपवले जातात. त्या गावचे लोक काही कमी शहाणे नसतात.

आता थोडे गंभीर होऊ. ‘छिंग हुआंग बू ज्ये’ हा छंगयू ऐकायला एखाद्या चित्रासारखा वाटतो. हिरवे आणि पिवळे यांची गाठ पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिरवे म्हणजे शेतात उभे असलेले कोवळे पीक. पिवळे म्हणजे गेल्या हंगामाचे पिकलेले, घरात साठवलेले धान्य. घरातले पिवळे संपले आहे आणि शेतातले हिरवे अजून पिकलेले नाही. या दोहोंच्या मधले दिवस म्हणजे उपासमारीचे दिवस. उत्तर चीनमध्ये हे दिवस वसंत ऋतूत येत. शरद ऋतूत साठवलेले धान्य हिवाळ्यात संपत जाई आणि गहू कापणीला यायला उन्हाळा उजाडावा लागे. बाहेर झाडांना पालवी फुटलेली असे, सगळीकडे हिरवेगार असे आणि घरात चूल पेटत नसे. आपल्याकडे कोरडवाहू भागात जुनी माणसे असेच दिवस पावसाळ्यात काढत. रान हिरवे आणि कणगी रिकामी.

या मधल्या दिवसांत शेतकरी सावकाराच्या दारात जाई. १०६९ साली वांग आनशी नावाच्या मंत्र्याने यावर एक उपाय काढला. सरकारने शेतकऱ्यांना हिरवे पीक उभे असताना कर्ज द्यायचे आणि पीक आल्यावर ते व्याजासह परत घ्यायचे. व्याज शेकडा २० होते. आज आपल्याला हे फार वाटेल, पण सावकारांचे दर याहून चढे असत. या योजनेचे नावच ‘हिरव्या रोपांचा कायदा’ असे होते. हेतू चांगला होता. पण किती कर्जवाटप झाले यावर अधिकाऱ्यांचे काम मोजले जाऊ लागले. मग नको असलेल्यांच्या गळ्यातही कर्ज बांधले गेले. दरबारात मोठे भांडण झाले आणि सम्राट वारल्यानंतर काही काळातच योजना बंद पडली. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही हे वाचाल तेव्हा कायद्याचे कलम लक्षात राहो न राहो, त्याच्या नावातले हिरवे रोप लक्षात ठेवा.

आज चीनमधल्या शहरातला माणूस हा छंगयू वापरतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर शेत असतेच असे नाही. एखाद्या संघातले जुने खेळाडू निवृत्त झाले आणि नवे अजून तयार नाहीत, की तो म्हणतो, ‘हिरवे-पिवळे जुळत नाही’. शाळेतले अनुभवी शिक्षक निघून गेले आणि नवे अजून शिकतच आहेत, तरी तो हेच म्हणतो. भूक गेली, शब्द राहिला. तुम्हांला या वाक्प्रचाराचा मराठी वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर तुम्ही काय लिहाल? वहीत लिहून पाहा.

याच भुकेचा एक चुलतभाऊ आहे. चिनी वर्षे बारा प्राण्यांच्या नावांनी फिरतात. वाघाच्या वर्षानंतर सशाचे वर्ष येते. ‘वाघाच्या वर्षात सशाच्या वर्षाचे धान्य खाणे’ म्हणजे पुढच्या सालचे आजच संपवून टाकणे. आपले ‘ऋण काढून सण करणे’ याच घरातले. फरक इतकाच, की आपल्या वाक्प्रचारात निदान सण तरी आहे. चिनी वाक्प्रचारातल्या माणसाला बहुधा रोजच्या जेवणासाठीच पुढचे धान्य काढावे लागले असेल.

सुबत्तेचे शब्दही अर्थातच आहेत. नववर्षाला दारावर लाल कागद लावतात, त्यावर ‘पाचही धान्ये भरभरून पिकोत’ अशा अर्थाची चार अक्षरे लिहिलेली आढळतात. वारा आणि पाऊस वेळेवर येवोत, अशीही इच्छा करतात. हिवाळ्यात चांगला बर्फ पडला तर शेतकरी खूश होतो. बर्फाचे पांघरूण गव्हाच्या कोवळ्या रोपांना कडक थंडीपासून वाचवते आणि वसंतात वितळून पाणी देते. म्हणून वेळेवर पडलेला बर्फ हे चांगल्या वर्षाचे लक्षण, अशी तिथली म्हण आहे. बर्फ न पाहिलेल्या मुलाला हे चमत्कारिक वाटेल. पण मृगाच्या पहिल्या सरीला आपला शेतकरी जसा आभाळाकडे पाहतो, तसेच ते पाहणे आहे.

ही पाच धान्ये कोणती? याच्या याद्या एकसारख्या नाहीत. एका यादीत भात, दोन प्रकारची बारीक तृणधान्ये, गहू आणि सोयाबीनसारखे कडधान्य आहे. दुसऱ्या यादीत भाताच्या जागी भांगेच्या जातीच्या एका झाडाचे बी आहे, कारण उत्तरेकडे भात कमी होता. बारीक धान्यांतले एक म्हणजे आपला राळा. राळ्याची शेती हजारो वर्षांपूर्वी उत्तर चीनमध्ये सुरू झाली. त्याचा जंगली भाऊ म्हणजे कोल्ह्याच्या शेपटीसारखे कणीस असलेले एक गवत. ते राळ्याच्या शेतात तण म्हणून उगवते आणि लहान असताना अगदी राळ्यासारखे दिसते. म्हणून बऱ्यावाईट माणसांची सरमिसळ झाली, की चिनी लोक या तणाचेच नाव घेतात.

आता एक गोष्ट विद्वानांसाठी, म्हणजे तुमच्या आमच्यासाठी. कन्फ्यूशियस आपल्या शिष्यांसह प्रवास करत होता. त्यातला त्झ-लू हा शिष्य मागे पडला. वाटेत त्याला एक म्हातारा भेटला. म्हाताऱ्याच्या खांद्यावर काठी होती आणि काठीला टोपली लटकत होती. त्झ-लूने विचारले, “बाबा, आमच्या गुरुजींना पाहिलेत का?” म्हाताऱ्याने उत्तर दिले ते असे, की ज्याचे हातपाय कष्ट करत नाहीत आणि ज्याला पाच धान्यांतला फरक ओळखता येत नाही, तो कसला गुरुजी? इतके बोलून त्याने काठी जमिनीत रोवली आणि तो तण काढू लागला. त्झ-लू रागावला नाही. हात जोडून तसाच उभा राहिला. मग म्हाताऱ्याने त्याला रात्री घरी ठेवून घेतले, कोंबडी कापली, भाकरीच्या धान्याचे जेवण केले आणि आपल्या मुलांची ओळख करून दिली. ‘पाच धान्ये न ओळखणे’ हे तेव्हापासून पुस्तकी माणसाला चिकटले आहे. गंमत अशी, की ही गोष्ट कन्फ्यूशियसच्याच शिष्यपरंपरेने जपून ठेवली. गुरूवरची टीका त्यांनी खोडली नाही.

दुसरी गोष्ट एका अधिकाऱ्याची. हान घराण्याच्या सम्राट श्वेनच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, बोहाय प्रांतात दुष्काळ पडला. उपाशी लोक दरोडे घालू लागले. सम्राटाने गोंग स्वे नावाच्या सत्तरी उलटलेल्या अधिकाऱ्याला तिथे पाठवले. सर्वांना वाटले, हा म्हातारा काय करणार? त्याने सोबत फौज घेतली नाही. त्याने एक हुकूम काढला. ज्याच्या हातात कुदळ-विळा आहे तो सज्जन, त्याला कोणी अडवायचे नाही. ज्याच्या हातात शस्त्र आहे तोच दरोडेखोर. मग त्याने सरकारी कोठारे उघडून गरिबांना धान्य दिले. लोकांनी शस्त्रे टाकली आणि अवजारे उचलली. पुढे कोणी कमरेला तलवार लावून दिसला, की गोंग स्वे त्याला विचारी, अरे, तू बैल कमरेला बांधून का फिरतोस? तलवार विक आणि बैल घे. यावरून आले ‘माय ज्येन माय न्यू’ : तलवार विकून बैल विकत घेणे. यात दोन्ही ‘माय’ ऐकायला सारखे वाटतात, पण एकाचा अर्थ विकणे आणि दुसऱ्याचा विकत घेणे. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. चिनी बाजारात परक्या माणसाची काय फजिती होत असेल, याची कल्पना करा!

शेवटी पुन्हा त्या रोपांकडे जाऊ या, कारण त्यांची गोष्ट मेन्शियसच्या काळात संपली नाही. १९५८ साली चीनमध्ये ‘मोठी झेप’ नावाची मोहीम सुरू झाली. थोड्या वर्षांत देश पुढे न्यायचा होता. रोपे अगदी दाट लावा, म्हणजे पीक वाढेल, असे सांगण्यात आले. कोणत्या गावाचे उत्पादन जास्त, याची चढाओढ लागली. काही ठिकाणी अनेक शेतांतले तयार भात मुळासकट उपटून एकाच शेतात खचाखच उभे केले गेले आणि तेच त्या शेताचे पीक म्हणून दाखवले गेले. उभ्या भातावर मुले उभी आहेत, असे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले. ज्या देशातले शाळकरी पोर रोप ओढणाऱ्या शेतकऱ्याला हसते, त्या देशात हे घडले. खोट्या आकड्यांवरून सरकारने खऱ्या कोठारांतले धान्य उचलले. १९५९ ते १९६१ या काळात भयंकर दुष्काळ पडला. त्यात किती माणसे मेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. हे काही एका निसर्गामुळे झाले नाही. त्या काळी ‘बा म्याओ जू जांग’ असे मोठ्याने म्हणायला फार धैर्य लागले असते.

त्याच दिवसांत हुनान प्रांतातल्या आनजियांग येथील शेतकी शाळेत युआन लाँगपिंग नावाचे एक तरुण शिक्षक होते. उपासमार त्यांनी जवळून पाहिली. भाताचे पीक खरोखर कसे वाढवावे, याचा त्यांना ध्यास लागला. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात, त्यामुळे दोन जातींचा संकर करणे अवघड जाते. ज्याचे परागकण निकामी आहेत असे रोप सापडले, तरच वाट मोकळी होणार होती. १९६४ साली ते उन्हात भाताच्या एकेका लोंबीजवळ वाकून असे रोप शोधू लागले. सापडले, पण पुढे जमेना. १९७० साली हैनान बेटावर त्यांच्या सहकाऱ्यांना हवे तसे जंगली भाताचे रोप मिळाले. १९७३ मध्ये संकरित भाताची पद्धत सिद्ध झाली आणि १९७६ पासून ते बी मोठ्या प्रमाणावर शेतात गेले. युआन लाँगपिंग २०२१ मध्ये वारले तेव्हा हजारो लोक फुले घेऊन आले होते. काहींनी फुलांबरोबर भाताच्या लोंब्याही ठेवल्या.

पुढच्या तासाला येताना प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून शेतीवरचा एक मुहावरा किंवा कहावत आणायची आहे. दादी-नानी गावाकडच्या असतील तर उत्तमच. त्यांना हेही विचारा, की पिवळे संपले आणि हिरवे आले नव्हते, त्या दिवसांत घरात काय शिजत असे. त्यांनी सांगितलेले शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. त्यांना मराठीत काय म्हणतात ते आपण वर्गात मिळून शोधू.